गायधनीकाका आणि पार्किंगखालचं तळं

गायधनीकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या-भांडं पुढे केलं. काकांनी भांडं बाजूला ठेवलं आणि तांब्यातलं सगळं पाणी हॉलच्या मधोमध ओतलं.

मी किंचाळायचीच बाकी राहिले. पाणी सरळ सोफ्याखाली गेलं. काका गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून ते बघत होते.

"ताई, तुमच्या फरशीचा उतार चुकलाय. दाराकडे पाहिजे, सोफ्याकडे आहे."

माझ्या सासूबाई नांदगावच्या. टँकरमागे हंडे घेऊन धावण्यात त्यांचे कितीतरी उन्हाळे गेलेले. त्या सोफ्याकडे धावल्या. "आवं, पाणी सांडलं का तुम्ही? मुद्दाम?"

"सांडलं नाही मावशी, तपासलं," असं म्हणत काकांनी खांद्यावरच्या पिशवीतून घोंगडीसारखं जाड पांढरं कापड काढलं आणि फरशी लख्ख पुसून दिली. मग आपण वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलोय, हे सांगायचं त्यांना आठवलं.

त्या पांढऱ्या कापडाला ते जिओटेक्स्टाइल म्हणत. रस्त्याखाली, धरणाच्या भिंतीमागे, नाल्याच्या काठाला घालतात ते. पाणी जाऊ देतं, माती अडवतं. काकांनी जन्मभर असल्याच वस्तू विकल्या आणि स्वतः उभं राहून बसवून दिल्या. निवृत्त झाले तरी नमुन्यांची पिशवी खांद्यावरून उतरली नाही. कुठेही गेले की पहिला प्रश्न, "पाणी कुठं जातं?" एका साखरपुड्यात त्यांनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन हेच विचारलं. ते बिचारे घाबरून म्हणाले, "बिसलेरी ठेवलंय ना सगळीकडे!"

एकदा मी त्यांच्याकडे गेले तर चहा फक्कड झालेला. शैलाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, शांत बाई. मी म्हटलं, "काकू, तळाला जरासुद्धा चोथा नाही हो!" काका स्वयंपाकघरातून बाहेर आले. हातात तपकिरी झालेलं तेच ते जाड कापड.

"गाळणी तुटली. पण यातून मातीचा कण जात नाही ताई, चहाच्या पत्तीची काय बिशाद?"

मी कप खाली ठेवला. "कोरा तुकडा होता," काकू हळूच म्हणाल्या. तेवढाच काय तो दिलासा.

आमच्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, हे काकांना कोणी सांगावं लागलं नाही. भिंतीवरचा मातकट पट्टा त्यांनी आल्या आल्या हेरला होता. सोसायटीच्या मीटिंगला ते दुधाच्या क्रेटसारखे, पण सगळ्या बाजूंनी जाळीदार असे प्लॅस्टिकचे खोके घेऊन आले. म्हणाले, पार्किंग खोदू, खाली हे खोके रचू. गच्चीचं आणि अंगणातलं पाणी आधी त्यात साठेल. पाऊस ओसरला की हळूहळू गटारात सोडू, थोडं बागेला ठेवू. वरून पेव्हर ब्लॉक. गाड्या वरच उभ्या राहतील.

"प्लॅस्टिकवर गाड्या?" चेअरमन आहेर हसले. "उद्या म्हणाल, कागदावर बिल्डिंग."

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, किल्ली द्या."

त्यांनी ती का मागितली हे आहेरांच्या लक्षात आलं नाही, म्हणून तर त्यांनी दिली. काकांनी अंगणात खोके मांडले, वर लोखंडी पत्रे टाकले, पुढे फळ्यांचा उतार केला आणि आहेरांची नवी कोरी गाडी सरळ वर चढवली. आहेर छातीवर हात ठेवून कठड्यावर बसले. खोके हूं की चूं करेनात. काका गाडीतून उतरले आणि म्हणाले, "आता बोला." ठराव पास झाला.

मे महिन्यात खड्डा खणला. खाली काळा पाषाण लागला. त्यात पाणी मुरणार नाही, साठवायचंच, म्हणून काकांनी काळ्या जाड प्लॅस्टिकच्या कागदाची गुंडाळी आणवली. ती बघून सासूबाई ओरडल्याच, "आगं, ह्यो तर शेततळ्याचा कागद! माझ्या भावाच्या मळ्यात हाय!" त्या दिवसापासून त्या काकांच्या बाजूच्या. खड्ड्यापाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला दरडावायच्या, "चपला काढा! कागद फाटंल!" आहेरसुद्धा अनवाणी उतरले. काका मात्र कागदाच्या सांध्यांवरून बोट फिरवत पोटावर सरपटत असायचे. कागदाच्या वर-खाली पांढरं कापड, त्यावर खोके, खोक्यांवर पुन्हा कापड, मग माती, मग ब्लॉक. तळं झाकलं गेलं.

जूनपासून शैलाकाकू खाली दिसेनाशा झाल्या. विचारलं की काका म्हणत, "गुडघे."

जुलैतल्या एका दुपारी आभाळ फाटलं. बाहेरचा रस्ता बघता बघता ओढा झाला. सगळे जिन्यात जमून पार्किंगकडे बघत होतो. ब्लॉक ओले झाले, चकाकले, पण पाणी काही उभं राहिलं नाही. गेटवरचं पाणी जाळीतून खाली जायचं आणि नाहीसं व्हायचं. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. आहेर टाळ्या वाजवायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "त्या बाबाला तरी बोलव गं! कुठं बसलाय?"

मी धावत वर गेले. दार उघडंच होतं. काकू उंबऱ्याच्या आत, चौकट घट्ट धरून उभ्या. काका खाली बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवत होते.

"काका, जमलं! थेंब साचला नाही!"

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "ताई, हिच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही."

पूर्वी ते नाल्याकाठी तळमजल्यावर राहायचे, काका सांगू लागले. असाच पाऊस, आणि काका इगतपुरीकडे कामावर. घरात पाणी शिरलं. काकू एकट्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चढून उभ्या राहिल्या. दार पाण्याच्या दाबानं उघडेना, हाका कोणाला ऐकू जाईनात. काका पोचले तेव्हा पाणी काकूंच्या छातीशी आलं होतं.

"मी लोकांचं पाणी अडवत होतो," काका म्हणाले. "तेव्हापासून ही पावसाळ्यात घराबाहेर पडत नाही. दसऱ्यापर्यंत आत."

इतके महिने आम्ही याच माणसाला वेडा म्हणून हसत होतो. मी काकूंचा दुसरा हात धरला.

जिना उतरायला फार वेळ लागला. प्रत्येक वळणावर काकू थांबायच्या. काका "चल" म्हणत नव्हते, नुसते थांबायचे. खाली आलो तेव्हा सगळ्यांनी वाट करून दिली. काकूंनी शेवटच्या पायरीवरून पार्किंगकडे बराच वेळ बघितलं. मग ब्लॉकवर चप्पल टेकवली. दाबून बघितली.

समोरच्या दुकानाच्या छपराखाली, उंच कट्ट्यावर एक जण कणसं भाजत होता. पाऊस जरा कमी झाला, रस्त्यावरचं पाणी ओसरू लागलं, तसा त्याचा धूर आमच्या गेटपर्यंत आला.

"कणीस खायचंय," काकू म्हणाल्या.

आहेर छत्री घेऊन धावले, पण काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच गेटकडे चालू लागल्या. काका जागेवरच उभे होते. त्यांचा हात अजून तसाच, काकूंचं कोपर धरल्यासारखा, हवेत राहिला होता.