अंगणातला गरम झरा

जमिनीच्या पोटात काय शिजतंय, हे मला खुर्चीत बसून कळतं! बढाई नाही, पोटापाण्याचा धंदाच आहे. जमिनीत नळ्या पुरायच्या, त्यांतून पाणी फिरवायचं, मातीतली ऊब उचलून घर गरम करायचं. त्यात माती किती गार होईल, हे गणिताने आधीच सांगायचं, हे माझं काम. माझं मॉडेल तपासायला आमच्याच अंगणात नळ्या पुरल्या. ते जुळलं, तर त्यावरून एका इस्पितळाचं काम सुरू होणार होतं.

मॉडेल म्हणालं, माती अकरा अंशांवर येईल. मातीत खड्डा करून ठेवलेला तापमापक म्हणाला, एकोणीस!

मी मातीचा ओलावा बदलला, घनता बदलली, नळ्यांमधलं अंतर बदललं. छे! आलेखावर एक रेषा माझी, एक मातीची. रुसलेल्या जावांसारखी दोघींची तोंडं दोन दिशांना! शिवाय रोज सकाळी अकराच्या ठोक्याला मातीचं तापमान उसळी मारायचं.

"सूनबाई, दोन घास खाऊन घे," सासरे म्हणाले. निवृत्तीनंतर घरातलं धुणं-जेवण त्यांनी हौसेने अंगावर घेतलंय.

"बाबा, इथे नोकरी जायची वेळ आलीय!"

शेवटी मी छातीठोक निष्कर्ष काढला: अंगणाखाली गरम पाण्याचा झरा आहे! ऑफिसात साहेबांना सतरा पानी अहवाल धाडला. दुसऱ्या दिवशी साहेब दारात.

"झरा रोज अकराला येतो?"

"हो, साहेब."

"रविवारीसुद्धा?"

मी आलेख पाहिला. "रविवारी... नसतो."

"सुट्टी घेतो?"

तेवढ्यात अकरा वाजले आणि मागे काहीतरी खळखळलं. आम्ही धावलो. वॉशिंग मशीनची नळी खिडकीबाहेर, आणि वाफाळतं पाणी धबाधबा तापमापकाच्या खड्ड्यात!

"बाबा!!"

"अगं, मोरी तुंबलीय. तू कामात, म्हटलं कशाला त्रास? तिथली माती भुसभुशीत, पाणी गटागट पिते. आणि रविवारी तर मी मशीन लावतच नाही!" त्यांचा चेहरा उतरला. "काही बिघडलं का गं?"

"बिघडलं? बाबा, माझं गणित बरोबर आहे!" मला हसूही आवरेना, रडूही आवरेना. मी तिथेच पायरीवर बसले. महिन्याभरात पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

मोरी मोकळी केली. पंधरवड्यात माती मुकाट्याने अकरा अंशांवर आली.

साहेबांनी शेरा मारला: 'मॉडेल अचूक. इस्पितळाचे काम सुरू करावे. मात्र संबंधितांनी यापुढे जमिनीखाली झरे शोधण्याआधी खिडकीबाहेर डोकावावे.'

संबंधित म्हणजे अस्मादिक. मी खाली 'वाचले' असं लिहून सही ठोकली. दोन्ही अर्थांनी!