परसातला कुकर

"बाई, डुक्कर किती शिट्ट्यांत शिजतं?"

गृहविज्ञानाच्या तासाला हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी लावली होती. रत्नप्रभाकडे त्या वर्षी हिंमत इतकी झाली होती की ती कुठे ठेवावी हा प्रश्न होता. तिने विचारला!

सोनवणे बाईंचा खडू फळ्यावरच अडला. डुकराशी तुझं काय काम, असं त्यांनी विचारलं, तेव्हा रत्नाने ऐटीत सगळा बेत सांगितला. जळगावला जिल्ह्याजिल्ह्यांची पाककला स्पर्धा होती आणि शाळेतून एकच मुलगी जाणार होती. बाकीच्या शेवभाजी नाहीतर बटाटेवडे करणार. रत्ना टाको करणार! रद्दीत आलेल्या इंग्रजी मासिकात तिने रंगीत फोटो पाहिला होता. मेक्सिकोतले लोक कुकरमध्ये डुकराचं मटण दोरे सुटेपर्यंत शिजवतात, ते विंचरल्यासारखं मोकळं करतात आणि मक्याच्या दुमडलेल्या पोळीत भरतात. रत्ना अर्थातच डुकराऐवजी कच्चा फणस घालणार होती. त्याचेही तसेच दोरे सुटतात. फक्त शिट्ट्यांचा हिशेब हवा होता.

बाई खूश झाल्या. सोमवारी डब्यात आण, चांगलं झालं तर तूच जाशील, मात्र घरचं एक मोठं माणूस सोबत हवं, असं त्या म्हणाल्या.

पण शेजारच्या लताबाईंची मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने प्रश्न ऐकला आणि तोंडावर हात ठेवून इतकी हसत सुटली की रत्नाचं पुढचं उत्तर तिला ऐकूच आलं नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली, आणि रत्ना मैत्रीण मेहरुनला घेऊन देवपुरातल्या घरी पोचण्याआधी तो प्रश्न लताबाईंच्या ओट्यावर जाऊन बसला होता.

घरी कोणी नव्हतं. आई आणि अक्का मारुतीला गेल्या होत्या. अक्का म्हणजे रत्नाच्या वडिलांची, नानांची थोरली बहीण, गळ्यात तुळशीची माळ, आणि नाक असं की गल्लीच्या टोकाला कोणी अंडं फोडलं तरी तिला कळावं. फणस कोपऱ्यात पडलेला होता. नानांच्या ऑफिसातल्या कोकणी साहेबांनी तो मोठ्या प्रेमाने दिला होता आणि घरात कोणालाच त्याचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मेहरुनने आणि तिने हाताला तेल चोपडून तो फोडला, चीक पुसला, सालं लताबाईंच्या शेळीला घातली. आणि नेमका गॅस संपलेला! नंबर लावून ठेवलेला होता, पण सिलिंडर यायचं तेव्हा येणार.

रत्नाचं अशाने अडत नाही. परसात तीन दगडांची चूल होतीच. तिने आईचा नवा कुकर उचलला आणि परसात नेला.

इथेच चुकलं. त्या घरात मटण कधी स्वयंपाकघरात शिजत नसे. नाना रविवारी लुंगी नेसून परसातल्या त्या चुलीवर, वेगळ्या काळ्या पातेल्यात ते करत. ते पातेलं घरात येत नसे आणि अक्का त्या दिवशी मागचं दार उघडत नसे. परसातून धूर निघाला की सगळी गल्ली समजून जायची, मांजरंसुद्धा. हा नियम रत्नाला पाळण्यात असल्यापासून माहीत होता. पण तो नियम मटणाचा, फणसाशी त्याचा काय संबंध, असं तिला वाटलं.

लताबाईंनी भिंतीवरून मान काढली. धूर दिसला, कुकर दिसला, दोन मुली काट्याने तांबूस दोरे सोडवताना दिसल्या, त्यावर लाल तिखट आणि लसणाचा वास. आणि वार शनिवार! लताबाई चप्पल न घालताच कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि देवळातून येणाऱ्या दोघींना गाठून सगळं ओतून मोकळ्या झाल्या.

अक्का मागच्या दारात येऊन उभी राहिली, मागोमाग आई आणि लताबाई. हातात प्रसादाचं खोबरं होतं, ते तिने पदराखाली घेतलं.

"हाई काय शे वं?"

"फणस आहे, अक्का."

"फणस पिवळा ऱ्हास."

रत्नाने कच्चा आणि पिका यांतला फरक सांगितला. लताबाईंनी विचारलं, सालं कुठे आहेत मग? सालं शेळीच्या पोटात होती. लताबाईंनी आईकडे असं पाहिलं, जणू पुरावा नाहीसा करण्यात मुलगी तयार झालीय. आईचा जीव कुकरमध्ये अडकला होता. त्यात आता वरण कसं लावायचं? ती एवढंच म्हणाली की जळगाव विसर, तू आता अंगणाबाहेरसुद्धा जायचं नाहीस.

 रत्नाने खाऊन बघा म्हणावं, तर खाणार कोण? डुक्कर निघालं तर काय, या भीतीने काठीनेसुद्धा कोणी हात लावेना. शेवटी मेहरुन पुढे झाली. तिने मक्याच्या पोळीत दोरे भरले, वर कैरी-कोथिंबिरीची चटणी घातली आणि सगळ्यांसमोर अख्खा टाको खाल्ला. मग बोटंही चाटली.

 मेहरुनने खाल्लं म्हणजे डुक्कर नाही, हे लताबाईंनाही मान्य करावं लागलं. रत्नाला वाटलं, जिंकलो!

अक्काने मात्र विचार पुरता केला होता.

"डुकर नही ना? मंग बोकड शे."

तेवढ्यात अर्ध्या दिवसाच्या ऑफिसातून नाना आले. पिशवी खुंटीला न लावता ते वासाच्या मागोमाग थेट परसात आले. चूल, धूर, तर्री! त्यांनी कोणाला काही विचारलंच नाही. आईच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्यांनी मोठा घास घेतला, डोळे मिटले, चावलं, परत चावलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"अरे, हे मटण नाही," ते दुःखाने म्हणाले.

रत्नाने टाळी वाजवली. पण बाकी कोणीच तिच्याकडे पाहत नव्हतं.

"म्हणजे मटण समजून खाल्लंत?" आईने विचारलं. "शनिवारी?"

नानांनी घास गिळला. गेल्या शनिवारी साक्रीला कसलं काम होतं, आईने हळू आवाजात विचारलं. त्याच्या आदल्या शनिवारी नरडाण्याला? आणि रात्री जेवण जात नव्हतं, ते पित्तामुळे का? नाना आकाशाकडे बघू लागले. अक्काने मागचं दार धाडकन लावून घेतलं. लताबाई मात्र भिंतीला टेकून आरामात उभ्या राहिल्या.

कुकर सगळे विसरले. रत्नाने नानांकडे पाहिलं, आईने चुलीजवळून उचललेल्या उलथन्याकडे पाहिलं, आणि अशी संधी पुन्हा येणार नाही हे ओळखलं.

"आई, नाना, माझं ठरलंय," ती म्हणाली. "जळगावला मीच जाणार. सोबत मोठं माणूस लागतं, ते नाना. आणि आम्ही आजच निघतो. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, पण आईचा राग उतरायला तेवढे दिवस लागतीलच."