लिमयेबाईंच्या पोरी

आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक फळा आहे. सेक्रेटरीने तो पाण्याच्या वेळा लिहायला लावला. पण दर सोमवारी सकाळी तळमजल्यावरच्या लिमयेबाई त्याच्या वरच्या अर्ध्या भागात फ्रान्समधल्या बायकांच्या हँडबॉलच्या सामन्याचा निकाल लिहितात. कोण जिंकलं, कोण हरलं, गोलवरच्या पोरीने किती चेंडू अडवले. आणि खाली एक ओळ: "ज्यांना यात रस नाही त्यांनी पाण्याची वेळ वाचून पुढे जावे. रेंगाळू नये."

सेक्रेटरी एकदा फडकं घेऊन पुसायला गेला. बाई मागेच उभ्या. "पुसा," म्हणाल्या, "मात्र पुसण्याचं कारण लेखी द्या." तो फडकं घेऊन वर गेला तो गेलाच.

बाईंचं वय सत्तरीच्या पुढे. लग्न केलं नाही. सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर झाली. आलेला कागद वहीत चढवायचा, गेलेला कागद वहीत चढवायचा. जगात जे काही अडतं ते नीट अर्ज न केल्यामुळे अडतं, असं त्यांचं ठाम मत. बिल्डिंगमध्ये मांजर व्यायली तरी विचारतील, "कोणाला कळवलंत का?"

आता पुण्यातल्या बाईला फ्रान्स कुठून चिकटलं? तर तरुणपणी त्यांना संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकायचं होतं. तिथे गर्दी होती. शेजारच्या खोलीत फ्रेंचचा वर्ग रिकामा होता, म्हणून त्या तिथे बसल्या. तिथल्या मास्तरांनी प्रत्येकाला पत्रं लिहायला एकेक मैत्रीण नेमून दिली. बाईंच्या वाट्याला मोनिक नावाची पोरगी आली. ती तिच्या गावच्या क्लबात हँडबॉल खेळायची, गोलवर उभी राहायची. हा खेळ म्हणजे फुटबॉलसारखाच, पण चेंडू हाताने मारायचा आणि एका बाजूला सात जणी. मोनिकने खेळ सोडला, तिला नातवंडं झाली, पत्रं थांबली. बाईंनी क्लब सोडला नाही. आता निकाल मोबाईलवर येतो. बाईंनी आजवर एकही सामना मैदानावर बसून पाहिलेला नाही. म्हणतात, "शिंदे, पांडुरंगाला तरी कोणी चालताना पाहिलंय?"

शिंदे म्हणजे मी. चौथी शिकलो आणि मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहिली. मला या खेळाचं काय? काहीच नाही. ऐकायची ती आमची हौसा, माझी बायको. दर गुरुवारी दुपारी बाई आमच्याकडे यायच्या, हौसा लसूण सोलत बसायची आणि बाई क्लबचा इतिहास सांगायच्या, पोथीसारखा, एकेक अध्याय. मी आत आडवा पडून म्हणायचो, या दोघींना काही उद्योग नाही.

हौसा गेली त्याला दीड वर्ष झालं. तेराव्याला सगळे आले, जेवले, गेले. पोरगा खराडीला त्याच्या घरी गेला. पुढच्या गुरुवारी दुपारी दार वाजलं. लिमयेबाई.

"अहो शिंदे, उपांत्य सामना परवा आहे."

मला राग आला. "बाई, घरातलं माणूस गेलंय."

"ठाऊक आहे. सामना तरीही परवाच आहे."

मी दार लावलं. त्या पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या. पुन्हा लावलं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी स्वतःची खुर्ची आणली आणि दाराबाहेर बसून पहिल्यापासून सांगायला लागल्या. मुलींच्या शाळेतल्या एका कवायतीच्या बाईंनी अकरा पोरी घेऊन क्लब काढला. हॉल नव्हता. गावच्या धान्यबाजाराच्या शेडमध्ये खेळायच्या.

मी आतून विचारलं, "शेडमध्ये? आणि पोती?"

"हलवायच्या. खेळायच्या. पुन्हा लावायच्या."

"कोण हलवायचं?"

"पोरीच."

मी दार उघडलं. ज्याने पोतं उचललंय त्याला पोतं उचलणाऱ्याची चौकशी करावीशी वाटते, त्यात माझा काय दोष?

मग हळूहळू सगळं कळलं. त्या पोरी तिसऱ्या गटातून दुसऱ्यात चढल्या, दुसऱ्यातून पहिल्यात. देशात पहिल्या आल्या, तेही एकदाच नव्हे. देशाचा चषक आणला. युरोपच्या अंतिम सामन्यात एका गोलाने हरल्या, त्या दिवशी बाई जेवल्या नव्हत्या. "आमच्या पोरी हरल्या," एवढंच फळ्यावर लिहिलं, तर वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू विचारायला आल्या, कोणाच्या पोरी, कुठे पडल्या, कितपत लागलं. नंतर पैसे पुरवणाऱ्यांनी हात काढून घेतला, चांगल्या खेळाडू दुसरीकडे गेल्या आणि क्लब गडगडत खाली आला. अर्धा इतिहास चढण्याचा, अर्धा उतरण्याचा. उतरण्याचा अर्धा बाई जास्त रंगवून सांगायच्या.

मागच्या उन्हाळ्यात एका सोमवारी फळा कोरा राहिला. मी खाली गेलो. बाई मोबाईल धरून बसलेल्या.

"गावचा महापौर हॉल पाडतोय, शिंदे. गाड्या लावायला जागा हवी म्हणे. हॉल गेला की क्लब बंद."

मला वाटलं, रडतील. त्यांनी कपाट उघडून कोरे कागद काढले.

"अर्ज करायचा."

"फ्रान्सला?"

"हॉल तिथे आहे म्हटल्यावर अर्ज तिथेच करावा लागेल. आणि सह्या मार्केट यार्डातल्या हव्यात. ज्या क्लबचा जन्म बाजारात झाला, त्याच्यासाठी बाजारानेच बोललं पाहिजे. तुमची ओळख आहे. चला."

अर्ज तीन प्रतींत झाला. वर फ्रेंच, खाली मराठी. विषय: महिला हँडबॉल क्लबचा हॉल न पाडणेबाबत. एक प्रत पाठवायची, एक आपल्याकडे ठेवायची स्थळप्रत, आणि एक "महापौराने हरवली म्हणाला तर" म्हणून. मी म्हणलं, "बाई, तिथे असलं चालत नसेल." त्या म्हणाल्या, "महापौर आहे ना? मग चालतं."

पाच दिवस आम्ही यार्डात हिंडलो. मी पुढे, बाई मागे, हातात शाईचा पॅड. गुळाच्या गाळ्यावर माझा जुना मुकादम भेटला. हसला.

"शिंद्या, म्हातारपणी कुठल्या बाईच्या नादाला लागलास?"

"नाद तिचा हाय. मी नुसतं ओझं वाहतोय. सही कर."

त्याने केली, वर तीन पोरांकडूनही करवून घेतली.

कांदा निवडणाऱ्या बायकांपाशी बाई खाली बसल्या. पातळाला माती लागली, बघितलं नाही. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, महापौरापर्यंत. एक म्हातारी म्हणाली, "बाई, यात आमाला काय मिळंल?"

"काही नाही," लिमयेबाई म्हणाल्या.

म्हातारीने पदराला हात पुसला. मग अंगठा पुढे केला. "घ्या. मिळंल मिळंल म्हणणाऱ्यांना लई अंगठे दिले. खरं बोलणारी पहिलीच आलीस."

मग रांग लागली. हमाल, तोलणारे, टेम्पोवाले, चहावाला. एकाने विचारलं, "या पोरी दिसायला कशा आहेत?" बाई म्हणाल्या, "तुला चेंडू लागला तर दिसायचं बंद होईल, अशा." त्याने घाईघाईने सही केली.

अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला. बाईंनी स्वतःच्या वहीत जावक क्रमांक टाकला आणि दर आठवड्याला स्मरणपत्र धाडलं. मी म्हणायचो, झालं आता, सोडा. त्या म्हणायच्या, "सोडायला काही धरलंय का? उत्तर यायचं आहे, एवढंच."

गणपती झाले. एका गुरुवारी दुपारी बाई लिफाफा घेऊन वर आल्या. क्लबच्या चिटणीसबाईंचं पत्र होतं. बाई चष्मा लावून एकेक ओळ वाचायच्या आणि मला मराठीत सांगायच्या. हॉल पाडणार, ते थांबत नाही. पण क्लब बंद होणार नाही. शाळेची व्यायामशाळा दिली आहे. खेळाडू नव्या घ्यायच्या, गावातल्याच, आणि पुन्हा तिसऱ्या गटापासून सुरुवात. अर्जाच्या पानांना काच लावून भिंतीवर टांगलंय. खालचं मराठी वाचता कोणालाच येत नाही, पण अंगठे सगळे बघतात.

"म्हणजे आपल्या अर्जामुळे झालं?" मी विचारलं.

"अर्जाने कधी काही होत नसतं, शिंदे. आपण गप्प बसलो नव्हतो, एवढीच त्याची नोंद."

पत्राची घडी घातली. मला वाटलं, आता खूश होऊन खाली जातील, फळा भरतील. पण त्या नुसत्याच बसून राहिल्या. हौसा बसायची त्या कोपऱ्याकडे बघत.

"इतकी वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आले," बाई म्हणाल्या. "ऑफिसात, पेठेत, इथे. लोक ऐकतात. चांगले असतात, ऐकून घेतात. पण हौसाबाई लसूण खाली ठेवून विचारायच्या, 'मग?' सबंध आयुष्यात मला 'मग?' विचारणारं तेवढं एकच माणूस भेटलं. त्या गेल्यावर मला कळेना, आता या पोरींचं पुढे काय झालं ते मी कशाला बघू. म्हणून तुमच्या दारात येऊन बसले. म्हटलं, आवाज निदान त्या घरात तरी जाईल."

मला असल्या वेळी काय बोलावं ते येत नाही. हौसाला येत होतं. वर्षानुवर्षं मी आत पडून होतो आणि ती एवढं मोठं काम करत होती, हे मला तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

बाई गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या.

"बसा," मी म्हणलं. "बसा हो. तिसऱ्या गटात गेल्या. मग?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"मग काय," त्या म्हणाल्या, "रविवारी पहिला सामना आहे. गोलवर नवी पोरगी आहे, सतरा वर्षांची. मासळीवाल्याची मुलगी. उंची फार नाही, पण हात असे लांब आहेत शिंदे, की..."