याकोबभाऊंनी न सांगितलेला भाव

याकोब डागदरानं मला फसवलं. एकदा नाही, बावीस वर्षं फसवलं, आणि तेही भिंतीला भिंत लावून राहून. मी बैलांचा व्यापारी आहे. दुसऱ्यांचे बैल हाकत हाकत स्वतःच्या दावणीपर्यंत आलो, कोणाच्या बापाच्या पुण्याईवर नाही. पवनीपासून तुमसरपर्यंतच्या बाजारात मला बनवून गेलेला दुसरा माणूस दाखवा, मी त्याला चहा पाजतो. या माणसानं मला बनवलं, आणि माफी मागितली ती बैलाची.

हो, बैलाचीच. ही सवय आधी सांगतो, म्हणजे माणूस कळेल. आमच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाभोवती तीन चकरा मारतं आणि मग कडुनिंबाखाली बसलेल्या याकोबभाऊंकडे जातं. "डागदर, पाहा जरा." तसा हा माणूस डागदर नाही. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. स्वतःच सांगतो, "डागदर नाही जी मी, पट्ट्या बांधणारा." उठतो, बैलाचं तोंड उघडून दात पाहतो, खांदा दाबतो. मग बैलाच्या कानाला तोंड लावून हळूच म्हणतो, "माफ कर रे बाप्पा." आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "ओझं आलं का बसते हा."

पहिल्यांदा हे माझ्याच बैलावर झालं. राजा नावाचा बैल. शिंगं तासलेली, तेल लावलेलं, गळ्यात घुंगरं. नाकाडोंगरीकडचा एक शेतकरी माझ्या दुपट्ट्याखाली हात घालून उभा होता. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबायची, आणि वर तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. तोंडं हसतात, बोटं भांडतात. आमची बोटं जुळत आली होती. तेवढ्यात हे माफीनाट्य झालं आणि गिऱ्हाईकानं हात काढून घेतला.

मी खवळलो. "तुमच्या बापाचं काय जाऊन राहिलं होतं?"

"माझं नाही जी," याकोबभाऊ म्हणाले. "त्याचं जात होतं. तिकडं सारा चढाचा रस्ता. बसला असता, मार खाल्ला असता."

त्याचं, म्हणजे बैलाचं. मी या माणसाशी बोलायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी राजाचं पोट फुगलं. ढोलासारखं. माझी बायको शेवंता मला न विचारता भिंतीपाशी गेली आणि तिनं हाक मारली. याकोबभाऊ पिशवी घेऊन आले. तेल पाजलं, पोट चोळलं, बैलाला अंगणात दोन तास फिरवलं. कालच्या शिव्यांबद्दल चकार शब्द नाही. बैलानं मोठा ढेकर दिला तेव्हा हा माणूस असा हसला की जणू बैल त्याच्याच गोठ्यातला.

मी मात्र सावध उभा होतो. आधी बैलाच्या पाठीवरून हात फिरवणारा माणूस नंतर भाव काढतो, हे मी हजारदा पाहिलंय. गावात सगळे सांगतच होते, हे ख्रिस्ती लोक आधी औषध देतात आणि मग त्यांचा देव काढतात. मी माझा नकार तयार ठेवला होता: "याकोबभाऊ, तुमचा देव तुमच्यापाशी, आमचा आमच्यापाशी. बोलणं खतम." शेवंतासमोर दोनदा म्हणूनही पाहिला होता. चांगला जमला होता.

याकोबभाऊंनी हात धुतले, पिशवी उचलली, दारापाशी थांबले. आलं आता, मी मनात म्हटलं.

"वल्ला चारा उपाशीपोटी देत नका जाऊ," ते म्हणाले, आणि गेले.

माझा नकार तोंडातच राहिला. तेव्हापासून तिथंच आहे.

दर नाताळाला भिंतीवरून एक ताटली यायची. करंज्या, अनारसे. मी खायचो, मी काही मूर्ख नाही. पण ताटली घासून रिकामी परत करायला लावायचो. आमच्याकडे शेजारची ताटली रिकामी देत नाहीत, निदान मूठभर तांदूळ तरी घालतात. शेवंता शरमेनं मेल्यासारखी व्हायची. मी म्हणायचो, उलट काही दिलं की सौदा पटला असा अर्थ होतो. याकोबभाऊ रिकामी ताटली उजेडात धरून पाहायचे आणि म्हणायचे, "काय चकाचक घासली जी!" हा टोमणा होता की कौतुक, हे मला अजून कळलेलं नाही. असल्याच कशावरून तरी मी रोज भिंतीपाशी जाऊन त्यांच्याशी भांडायचो.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची बायको, रूथवहिनी, वारल्या. त्या नाताळाला करंज्या जळक्या आल्या. याकोबभाऊंनी स्वतः तळल्या होत्या. पण आल्या.

रविवारी ते सायकलनं भंडाऱ्याला चर्चमध्ये जायला निघायचे. निघायचे म्हणतो, पोचायचे म्हणत नाही. वाटेत कोणाची गाय लंगडत असे, कोणाच्या बकरीच्या जखमेत किडे पडलेले असत. हे पोचायचे तेव्हा लोक प्रार्थना आटोपून चपला शोधत असायचे. एकदा त्यांच्या चर्चचे पाळक माझ्या दारात आले. "शेठ, तुम्ही शेजारी. याकोबभाऊंना जरा वेळेवर धाडत जा."

"मी कायले धाडू? माल तुमचा," मी म्हणालो.

ते हसले. "माल आमचा, पण पाहावं तेव्हा तुमच्याच बाजारात असतो."

शेवटी मीच विचारलं. माणूस किती वर्षं थांबणार? याकोबभाऊ आमच्या अडलेल्या म्हशीचं रेडकू काढत होते, कोपरापर्यंत हात आत.

"काहून हो, तुमच्या येशूचं तुम्ही कधी बोलत नाही?"

"आता हात गुंतला आहे जी."

रेडकू बाहेर आलं, हात मोकळा झाला, मी उभाच. मग त्यांनी उलट मलाच विचारलं, "चांगला बैल विकाले काढला, तर तुम्ही भाषण देता का चालवून दाखवता?"

"चालवून दाखवतो."

"हं," ते म्हणाले, आणि हात पुसत घरी गेले.

याला काय म्हणायचं? बैल चालवून दाखवला. माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांसमोर, वर्षानुवर्षं चालवला. पण भाव सांगितला नाही. भावच नाही तर मी घासाघीस कशाशी करू? माझा सगळा धंदा, सगळी अक्कल घासाघीशीत आहे.

आणि मग मागच्या वर्षी ते झालं. बाजारात पवनीकडचं गिऱ्हाईक होतं. दुपट्ट्याखाली बोटं जुळली होती, सौदा झाल्यातच जमा. आणि माझं तोंड आपोआप बोललं, "डाव्या खांद्यानं कमजोर आहे हा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मीही कोणी बोललं ते पाहायला मागं वळलो. कडुनिंबाखाली याकोबभाऊ बसलेले होते, पण त्यांचे डोळे तेव्हा फार गेले होते. ते भलतीकडेच तोंड करून बसले होते. त्यांनी काही केलं नव्हतं. गिऱ्हाईकानं दुसऱ्याचा बैल घेतला. आणि मी दुपट्टा हातात धरून उभा राहिलो. याकोबभाऊंचा माल कधीचा माझ्या गोठ्यात येऊन बांधला गेला होता, भाव न ठरता, माझा होकार न घेता. मला पत्ता नाही! ही फसवणूक नाही तर काय?

या उन्हाळ्यात त्यांची मुलगी नागपूरहून त्यांना न्यायला आली. डोळे गेले, एकटा माणूस, बरोबरच आहे. सकाळी दारात ऑटो उभा राहिला. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं म्हणून मी दुपट्टा घेऊन गेलो आणि त्यांच्यासमोर धरला.

"टाका हात."

"कायले?"

"भाव सांगा. बावीस वर्षं काहीतरी मागाचं होतं तुम्हाले. मले समजत नाही का?"

जन्मात दुपट्ट्याखाली हात न घातलेला माणूस. स्वतःची गाय विकली तेव्हाही त्यांनी भर बाजारात ओरडून भाव सांगितला होता, लोकांना वाटलं ऊन लागलं. ते हसले. मग त्यांनी चाचपत हात आत घातला. मी वाट पाहिली, कोणतं बोट दाबतात. कोणतंच दाबलं नाही. माझा अख्खा हात धरला. अशा वेळी वर पावसाच्या गप्पा मारायच्या असतात; मला एकही सुचली नाही.

"मागाचं होतं जी," ते म्हणाले. "दर नाताळाले वाटे, शेठले म्हणू, चला एक डाव चर्चात, माझ्या बाजूले बसा. आधी वाटलं, घाई कायची. मंग रूथ गेली. मंग हिंमत नाही झाली. तुम्ही नाही म्हणाले असते."

"म्हणालोच असतो!"

"पाहा. मंग भिंतीवरून भांडाले येणंही बंद केलं असतं तुम्ही. दिवसभरात तेवढंच तर बोलणं होतं मले."

मुलीनं "बाबा, चला" म्हटलं. त्यांनी हात काढून घेतला. ऑटो गेला.

म्हणजे इतकी वर्षं मी समजत होतो की या माणसाला आपल्या मालाची फार खात्री, म्हणून बोलत नाही. तर हा मला भीत होता! बाजारातल्या प्रत्येक बैलाची खोड ओरडून सांगणाऱ्यानं स्वतःची तेवढी लपवली.

मागच्या नाताळाची ताटली माझ्याकडेच राहिली आहे. शेवंतानं तिच्यात तांदूळ भरून ठेवलेत, आणि या वेळी मी काही बोललो नाही. ती न्यायला याकोबभाऊंनी स्वतः यावं. भिंतीपाशी उभं राहून, कडुनिंबापर्यंत ऐकू जाईल असं ते चर्चचं विचारावं. मी काय उत्तर देईन ते आज सांगणार नाही. समोरच्याचा भाव आल्याशिवाय मी कधी बोललेलो नाही. पण एका गोष्टीचा जबाब मला त्यांच्याच तोंडून पाहिजे: बैलाच्या कानाशी वाकायला ज्यांना कधी भीती वाटली नाही, त्यांना माझ्या कानाशी यायला का वाटली?