अथेन्सच्या नियमाने दहा वर्षं रजा

"या वर्षी गणपतीत आपण नाशिकला, यामिनीकडे. लिहून ठेव," मुरलीधररावांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हे वाक्य त्या सलग चौथ्या वर्षी ऐकत होत्या, आणि आधीची तिन्ही वर्षं काढलेली तिकिटं त्यांनीच रद्द करवली होती.

"या वेळी युक्ती आहे. ग्रीक युक्ती."

आता ही युक्ती कळायची तर आधी मुरलीधररावांचं दुखणं कळायला हवं. माणूस संरक्षण कारखान्यातून साठाव्या वर्षी सुटतो, मंडळातून काही सुटत नाही. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या शारदा स्नेह मंडळाचे ते एकोणीस वर्षं सेक्रेटरी होते. मंडपवाल्याला त्यांनी गाठायचं, मूर्ती त्यांनी आणायची, माइक बिघडला की तोही त्यांनीच थोपटून पाहायचा. दरवर्षी ते राजीनामा देत. दरवर्षी सभा गहिवरून म्हणे, "तुमच्याशिवाय कोण करणार जी?" आणि शाल-नारळ देऊन पुन्हा त्यांनाच निवडून देई. घरात एकोणीस शाली झाल्या होत्या. जबलपूरची थंडी कडक असते खरी, पण एकोणीस शालींची नसते. आणि तिकडे लेक यामिनीची चार वर्षांची मुलगी प्रणोती त्यांना 'फोनवाले आजोबा' म्हणायची. बाकी सगळं चालून गेलं असतं, हे मात्र त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

जुलैत मंडळात अनुपम सरांचं 'प्राचीन ग्रीक आणि आपण' या विषयावर व्याख्यान झालं. श्रोते अकरा. आपलं मतदान, नाटक, ऑलिंपिक, शाळेतली भूमिती, डॉक्टरांची शपथ, सगळ्यात त्या ग्रीकांचा हात कसा आहे, ते सर घामाघूम होऊन सांगत होते. मुरलीधरराव मागे रिकाम्या खुर्च्या घडी करून ठेवत होते, त्यामुळे त्यांनी निम्मंच ऐकलं. पण नेमकं ते ऐकलं. अथेन्सचे लोक वर्षातून एकदा मडक्याच्या खापऱ्यांवर नको असलेल्या एकेकाचं नाव लिहीत. ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा निघेल, त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. घरदार त्याचंच राहणार, मान शाबूत, फक्त दहा वर्षं गावच्या कारभारात दिसायचं नाही.

सर ही शिक्षा म्हणून सांगत होते. मुरलीधररावांना ती भरपगारी रजा वाटली. हातातली खुर्ची उघडून ते तिच्यावरच बसले.

त्या दिवशीच्या चहाचे मातीचे कुल्हड उरले होते. ते त्यांनी घरी आणले, पोत्यात घातले आणि वरवंट्याने फोडायला बसले.

"काहून फोडून राहिले?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"निवडणुकीसाठी."

"अच्छा," म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

मुरलीधररावांचा हिशेब साधा होता. एकोणीस वर्षांत सकाळी सहाला फोन करून आपण उठवलं नाही असा एकही सभासद नाही. तेवीसांत वीस मतं तरी पक्की. त्यांनी दोघांची तिकिटं काढली आणि यामिनीला कळवूनही टाकलं.

सभेला तेवीसच्या तेवीस सभासद हजर होते, त्यांत अनसूयाबाईही. मुरलीधररावांनी ग्रीसचा नियम मोठ्या खुबीने समजावला. गाव सोडायचा भाग वगळला, मंडळ सोडायचा तेवढा ठेवला.

"मतलब दस साल कोई काम नहीं?" अंबरीशने विचारलं. हा सगळ्यात तरुण सभासद. मराठी पुरतं समजायचा, बोलायचा हिंदीतच.

"कोई काम नहीं. फोनसुद्धा येणार नाही."

"खुर्च्या लावणं?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाही."

"आणि भाषणाला बसणं?" हे भाऊराव. मंडळाचे उपाध्यक्ष. एकोणीस वर्षांत ते फक्त प्रसादाच्या वेळी उभे राहिलेले.

"तेही नाही. आणि मान मात्र शाबूत."

आरतीलाही सभासद इतके चपळ कधी नसत. सगळ्यांनी भराभर पेनं काढली. कोणाला विचार करावा लागला नाही, हे पाहून मुरलीधरराव मनातून खूश झाले.

गुणवंतकाका चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांचा हात कापायचा. त्यांनी खापरी पुढे केली. "मुरली, तूच लिही बाबा."

मुरलीधरराव सरसावून बसले. सरांनी हीच गोष्ट सांगितली होती. अथेन्समध्ये एका अडाणी माणसाने एका सज्जनाला न ओळखता त्याचंच नाव लिहायला सांगितलं, आणि त्या सज्जनाने मुकाट लिहून दिलं.

"कोणाचं लिहू, काका?"

"माझंच लिही. थकलो आता."

"काका, तुम्हाला तर आम्ही काही काम सांगतच नाही."

"कधी सांगाल, नेम नाही."

मुरलीधररावांनी लिहून दिलं. मग आपली खापरी हातात घेतली. स्वतःचं नाव लिहिणं काही बरं दिसत नाही, असा त्यांनी विचार केला. समोर भाऊराव जांभई देत होते. त्यांचं लिहून टाकलं.

अंबरीश खापऱ्या मोजायला बसला. "अंबरीश, एक. दीपा दीदी, एक. विपुल भैया, एक. गुणवंतकाका, एक." दहा नावं झाली तरी मुरलीधररावांचं नाव निघालं नव्हतं. "अनसूया काकू, एक."

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. ती पंख्याकडे पाहत होती.

"भाऊराव काका, दो." अंबरीशने तेविसावी खापरी खाली ठेवली. "और मुरलीधर काका, ज़ीरो."

भाऊराव तत्काळ उठले. "लोकांच्या इच्छेपुढे माझं काय चालणार," असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि डोळे पुसत बाहेर पडले, दहा वर्षांसाठी. मग गुणवंतकाका भारावून म्हणाले, "तेवीस माणसांत मुरलीविरुद्ध एकही मत नाही. असं त्या ग्रीसमध्ये तरी कधी झालं असेल का?" टाळ्या पडल्या. विसावी शाल आली.

घरी जाताना मुरलीधरराव एवढंच म्हणाले, "तू तरी माझं लिहायचं होतं."

"एकोणीस वर्षं तुमच्या मंडळाचे मोदक मी वळून राहिले. तुम्ही लिहिलं माझं? कोणाचं लिहिलं?"

"भाऊरावांचं."

अनसूयाबाई कोपऱ्यापर्यंत तरातरा पुढे चालत गेल्या. मग म्हणाल्या, "चलो, माझी बॅग भरायची आहे. तुमचं एकट्याचं तिकीट रद्द करा."

त्या गेल्या. गणपती बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुरलीधरराव स्कूटरवरून डबा घेऊन मदन महल भागात भाऊरावांच्या घरी पोचले. नियमच तसा निघाला होता. मंडपात यायला मनाई, पण मान शाबूत, म्हणजे प्रसाद घरपोच. आणि पोचवणार कोण, तर सेक्रेटरी. भाऊराव व्हरांड्यात पाय पसरून पेपर वाचत होते.

तेवढ्यात नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर प्रणोती, आणि तिला मांडीवर घेऊन बसलेली अनसूया. चेहरा असा टवटवीत की मुरलीधररावांना क्षणभर लग्नातली आठवली. "आजी, बघ, फोनवाले आजोबा," प्रणोती म्हणाली. त्यांनी हात हलवला. त्यांना रडू येईलसं वाटलं.

"मुरलीधरजी," भाऊरावांनी डबा उघडून आत पाहिलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण वहिनींच्या मोदकाला कळ्या जास्त असायच्या."

"उद्या घालतो," मुरलीधरराव म्हणाले, आणि नखात अडकलेलं उकडीचं पीठ काढत उभे राहिले.