निष्क्रिय उभे मनुष्यबळ

नसरापूरजवळच्या भात सोसायटीचं गोदाम स्वयंचलित करायचं ठरलं, तेव्हा गावात कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार करण्याइतकं काही कळलंच नव्हतं. सल्लागार उपेंद्रसाहेब पाहणीला आले ते नेमके सप्ताहात. गावातलं सगळ्यात मोठं छप्पर गोदामाचंच, म्हणून हरिनाम तिथंच चाललेलं. "पाहणीची तारीख करारात आहे," म्हणत साहेबांनी टाळमृदंगाच्या गजरात मोजमाप सुरू केलं.

गेनबा वीणा गळ्यात घालून पहाऱ्यावर उभा होता. सप्ताह उठेपर्यंत वीणा भुईला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. पहाटेचा पहारा गेनबाचा, बापाकडून आलेला. घरादाराहून त्याला तो प्यारा.

"हे काय काम करतात?" साहेबांनी विचारलं.

"हुबं ऱ्हात्यात," चेअरमन धनाजीराव म्हणाले.

"दिवसभर?"

"दिवसरात. पाळीपाळीनं."

साहेबांचा चेहरा देव भेटल्यासारखा उजळला.

आराखडा आला. महाप्रसादाच्या पंगतींना 'कमाल आवक-जावक' धरल्यामुळं सरकता पट्टा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला होता. भात ठेवायची जागा टप्पा दोनमध्ये होती. आणि 'निष्क्रिय उभे मनुष्यबळ' या सदराखाली एक यांत्रिक हात होता. वीणा धरायला.

"आवो, वीण्याला मानूस लागतो!" गेनबा सभेत कळवळला.

"हात थकत नाही, डुलक्या घेत नाही, तंबाखू मळत नाही," साहेब म्हणाले.

सभेनं गेनबाकडं पाहिलं. त्यानं चंची हळूच कमरेला खोचली.

"आन् नाम कोन घ्येनार?"

"ते निविदेत नाही. वाढीव काम दाखवू."

दाखवलं. हाताला कर्णा बसला. कमाल भारावर चाचणी झाल्याखेरीज ठेकेदार ताबा देईना, म्हणून पुढचा सप्ताहही गोदामातच घेतला. भात बाहेर ताडपत्रीखाली भिजला. मात्र पिवळ्या पट्टीच्या आत माणूस आला की यंत्र बंद पडायचं. सबब भाविकांनी घरी बसून मोबाईलवर दर्शन घ्यावं, असं ठरलं.

"बरंच झालं की," भाविकांतली फुलाबाई म्हणाली, "भाकरी थापता थापता आयकू."

पहाटे गेनबा आला. पट्टा फिरत होता, वर रिकाम्या पत्रावळी. यांत्रिक हातात वीणा, कर्ण्यात नाम, समोर कोणी नाही. त्यानं डोळे मिटले आणि पट्टी ओलांडली.

सगळं थांबलं. भोंगा म्हणाला, "कृपया माणसाने बाहेर जावे."

गेनबानं वीणा काढून गळ्यात घातली आणि फाटक्या गळ्यानं नाम धरलं. चाचणी नापास. साहेब, ठेकेदार, चेअरमन एकमेकांवर दावे लावायला भोरला गेले.

पहारा संपला, दुपार झाली, दिवस कलला. वीणा खाली ठेवता येत नाही आणि घ्यायला कुणी येत नाही. गेनबा उभाच आहे. हे सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळे मोबाईलवर बघतायत. आपणही बघितलंच की. दोन जोडलेले हात पाठवले, आणि अंगठ्यानं पुढं सरकलो.