दोनशे ग्रॅमच्या आतली बंदूक

खांबेटे काका बंदुकीच्या दुकानात गेले ते घरचा वजनकाटा घेऊन. स्वयंपाकघरातला, पीठ मोजायचा. मी सोबत होतो, कारण गाडी माझी होती.

काका इथल्याच, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावच्या मोटार कारखान्यात तीस वर्षं सुटे भाग तपासून निवृत्त झालेले. कशाबद्दलही पहिला प्रश्न, "माप काय?" उत्तर पटलं की जर्मनमध्ये, "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. विरजण मागायला गेलो तरी किती मिलिलिटर ते सांगावं लागे.

या माणसाला घरात शिरणाऱ्या चोरासाठी बंदूक हवी होती. आमच्या गल्लीत चोर येणार कुठून? कुणी शेजाऱ्याच्या डब्यात कचरा टाकला तरी तिथे आठवडाभर तपास चालतो. पण काका म्हणाले, "येतो. रोज येतो." महिनाभर कॅटलॉग चाळून त्यांनी वहीत अटी लिहिल्या होत्या.

दुकानदाराने आधी परवाना मागितला. "परवाना लागेल अशी नकोच," म्हणत काकांनी वही उघडली. वजन दोनशे ग्रॅमच्या आत. धरायला सोपी, संधिवाताच्या बोटांनाही. आवाज नको. गोळी तर नकोच नको.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"अहो काका, मग चोराला होणार काय?" मी विचारलं.

"त्याला काही व्हायला नकोच आहे."

दुकानदाराने सभ्यपणे दार उघडून धरलं. माझा शनिवार फुकट गेला होता. "सरळ कुत्रा पाळा," मी गाडीत खेकसलो.

वाटेत दूध घ्यायला सुपरमार्केटात थांबलो. फाशिंगचे, म्हणजे इथल्या सोंगं काढायच्या सणाचे दिवस, त्या सामानात प्लॅस्टिकची पिस्तुलं टांगलेली. काकांनी तिथेच काटा मांडला. "एकशे चाळीस. गेनाऊ!" मला हसू आवरेना.

काकूंचं विसरणं वाढलंय हे मला ठाऊक होतं. किती, ते नव्हतं. पिस्तूल घेऊन घरी आलो, आम्ही दार उघडलं मात्र, खिडकीजवळच्या काकू उठून भिंतीला चिकटल्या.

"अहो!" आतल्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून त्या ओरडल्या. "अहो, लवकर या! तो चोर परत आलाय!"

बोट काकांकडे होतं. आणि हाक मारत होत्या तीही काकांनाच. दुकानात छताकडे पाहिल्याची लाज वाटली.

काकांनी पिस्तूल टेबलावर ठेवून हळूच काकूंकडे सरकवलं आणि ते दोन पावलं मागे झाले. काकूंनी ते दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यावर रोखलं. काकांनी हात वर केले.

"आमचे हे येईपर्यंत हलायचं नाही," काकू म्हणाल्या. आवाजातली थरथर थांबली होती.

"नाही हलत," काका म्हणाले. "येतीलच ते. तुम्ही बसा निवांत."

काकू बसल्या.